लोला एपांगचा सरकारी हात

पडद्यावर तो हात आला आणि मांग उर्बान, म्हणजे आमचे उर्बानकाका, खुर्चीतून उठले. तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली.

सिनेमा सरकारी कंपनीचा होता. आमच्या तिबोच्या ‘लिगाया’ थिएटरात त्याआधी मारामारीचे नाहीतर रडारडीचे सिनेमे यायचे. सुरुवातीला कधी गुरगुरणारा वाघ, कधी विजेचा लोळ, असलं काहीतरी दाखवायचे. त्याला बघून कोणी उठत नसे. वाघासाठी कशाला उठायचं? पण मग मनिलात सरकारनंच सिनेमे काढायचं मनावर घेतलं, त्यांचे डबे जीपनी गाडीच्या टपावरून आमच्या सान रोके गावाला येऊ लागले, आणि प्रत्येक सिनेमाच्या आधी कंपनीची ही निशाणी. आधी सगळा अंधार, मग घंटांचा आवाज, आणि त्या अंधारातून एका म्हाताऱ्या बाईचा हात हळूहळू पुढे येतो. मनगटाशी पांढऱ्या बाहीची कड. तळवा खाली, बोटं जराशी झुकलेली, करंगळी वाकडी. एवढंच. मग कंपनीचं नाव आणि पुन्हा अंधार.

असा हात पुढे आल्यावर माणसानं काय करायचं, हे आमच्याकडे पोराला बोलता यायच्या आधी शिकवतात. तो हात धरायचा, वाकायचं आणि आपलं कपाळ त्यावर टेकवायचं. याला मानो म्हणतात. हात देणारा म्हणतो, “देव तुझं भलं करो.” समोर हात आलेला असताना जो बसून राहतो, त्याच्या आईवडिलांना लोक नावं ठेवतात, मग ते आईवडील मातीत जाऊन कितीही वर्षं झालेली असोत.

मांग उर्बान सत्तरीचे. आयुष्यभर तळ्यात जाळं टाकलेला माणूस, गुडघे धरलेले, पण वळण पक्कं. ते खुर्च्यांतून वाट काढत पुढे गेले, पडद्याखालच्या चौथऱ्यावर चढले, टोपी काढली आणि कपाळ पडद्याला टेकवलं.

एकानं मानो घेतल्यावर बाकीच्यांनी शेंगा खात कसं बसायचं? आलिंग सेनांग, म्हणजे सेनांगमावशी, जी दारात उकडलेल्या शेंगा विकते आणि सिनेमा फुकट बघते, तिनं टोपली खाली ठेवली आणि ती गेली. तिच्यामागे शाळेतल्या बाई, त्यांच्यामागे न्हावी. रांगच लागली. पण सरकारी हात तो. ‘नमस्कार मारिया’ची प्रार्थना अर्धी म्हणून होईतो निघून जाई. सेनांग वाकली तेव्हा हात होता, कपाळ टेकलं तेव्हा सिनेमा सुरू झालेला.

“मी मानो कोणाचं घेतलं, सांग मला,” ती तिबोवर उखडली. “त्या शिपायाच्या बुटाचं. माझ्या कपाळाला बूट लावलास तू.”

“मी कुठं लावला? सिनेमातच तसं आहे.”

“मग मागं घे तुझा सिनेमा.”

तिबो थिएटरचा मालक, तिकीट विकणारा आणि यंत्र चालवणारा, सगळं तोच. त्यानं फीत मागं घेतली. रांग संपेपर्यंत त्याला ती पुन्हा पुन्हा मागं घ्यावी लागली, आणि रांग संपली तेव्हा सिनेमा बघायचं त्राण कोणात उरलं नव्हतं. लोक समाधानानं घरी गेले.

हात कोणाचा, हे कोणाला विचारावं लागलं नाही. ती वाकडी करंगळी गावात सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या लोला एपांगची. लोला म्हणजे आजी, सगळं गाव तिला तसंच म्हणतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आमच्या बाजूला भातशेतीचं चित्रीकरण करायला आली होती, तेव्हा त्यांनी लोलाला कुंपणापलीकडून बघितलं. त्यांनी आधी नट्यांचे हात घेऊन पाहिले होते म्हणे, पण ते फार मऊ निघाले. मग लोलाच्या परसात काळं कापड लावलं, दिवे लावले, आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. आत काय झालं ते दिसलं नाही. बाहेर आल्यावर लोला म्हणाली, “हात पुढे कर म्हणाले. केला.” जाताना त्यांनी तिला एक छत्री दिली.

लोला एपांग म्हणजे गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. पण नुसत्या वयानं नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तिच्या अंगणात पासयोन गायलं जातं. प्रभूच्या दुःखाचं सगळं आख्यान, जगाच्या उत्पत्तीपासून थेट क्रुसापर्यंत, एकामागून एक कडवी, माणसं बदलत जातात आणि गाणं थांबत नाही. लोलाची आई ते चालवायची, तिच्यामागून लोला. मी तिचा भाचा सांतोय, पोरपणापासून तिच्याशेजारी बसून गिटार वाजवतो. पेत्रुस प्रभूला नाकारतो, मी याला ओळखत नाही म्हणतो, ते कडवं आलं की ती आवाज इतका खाली आणते की अंगणातली कुत्रीसुद्धा मान वर करून बघतात. मी ते कितीतरी वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी वाटतं, या वर्षी तरी पेत्रुस खरं बोलेल.

इकडे थिएटरात मात्र हाताचा पसारा वाढत चालला. तिबोनं डोकं चालवलं. सरकारी सिनेमाचा प्रत्येक डबा आला की त्यातला हात तो कापून घ्यायचा आणि सगळे हात एकामागोमाग एक जोडायचा. पुढच्या गावाला सिनेमा बिनहाताचा जायचा. आमच्याकडे हातांची अशी लांबलचक फीत झाली की आख्खं गाव निवांत मानो घेऊन होई. लोक परीक्षेआधी यायचे, लग्नाआधी यायचे, सौदीला कामाला जाणारे बॅगा घेऊन यायचे. बाप्तिस्मा झालेली पोरं उचलून धरायचे. हात फार उंचावर होता, म्हणून बुटक्यांसाठी एक स्टूल ठेवलं. पडद्याला बोटांच्या खाली एक मोठं ठिगळ होतं, वादळात छताचा पत्रा येऊन फाटला होता तिथं, पिठाच्या पोत्याचं. त्याच्यावर आता कपाळांच्या तेलाचा काळा डाग पडला आणि हातानं काहीतरी धरलंय असं वाटायला लागलं. काहींना ती जपमाळ दिसली.

एक गोष्ट मात्र कोणी बोलत नसे. पडद्याजवळ गेलं की आपलीच सावली हातावर पडे आणि हात दिसेनासा होई. कपाळ टेकायचं ते आपल्या सावलीला. मलाही तो अनुभव आला. आपलंच काहीतरी पाप आडवं आलं असणार असं वाटून मी गप्प राहिलो. पुढे कळलं, सगळेच त्याच कारणानं गप्प होते.

आणि लोलाच्या पायरीवर कोणी येईना.

पूर्वी संध्याकाळची घंटा झाली की लोला पायरीवर बसायची आणि येणारा जाणारा तिचा हात घेऊन पुढे जायचा. उर्बान तर रोज. आता ती बसलेली असायची, हात मांडीवर आणि रस्ता रिकामा. एकदा मी तिथं असताना मांग उर्बान समोरून चालले होते. लोलानं हात पुढे केला.

“घेतलं की, लोला,” ते रस्त्यावरूनच म्हणाले. “आत्ताच घेतलं थिएटरात.”

“कोणाचं?”

“तुमचंच.”

“मी तर इथं बसलेय दुपारपासून.”

“हात होता ना तिथं.” उर्बाननी टोपी काढली, विचार केला आणि पुन्हा घातली. “एका दिवसात एकाच हाताचं दोनदा घ्यायचं म्हणजे हावरटपणा दिसतो.”

ते गेले. लोला आपल्या हाताकडे बघत राहिली, जसं शेजारणीकडे राहायला गेलेल्या मांजराकडे बघतात.

“तो हात तोंडानं काही म्हणतो का रे?” तिनं मला विचारलं. “देव तुझं भलं करो, वगैरे?”

“नाही. घंटा वाजतात.”

“मग भलं कोण करतं त्यांचं?”



खरा घाव पुढे बसला. पवित्र आठवडा जवळ आला तसा तिबो तिच्या घरी आला, हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन. काहीतरी मागायचं असलं की तो असा भात आणतो.

“यंदा पासयोन थिएटरात करू म्हणतोय,” तो म्हणाला. “पंखे आहेत, खुर्च्या आहेत. आणि समोर सतत तुझा हात. तुला यायचा पण त्रास नको, लोला. तू झोप.”

“मी झोपू.”

“हात असणारच आहे ना तिथं.”

लोलानं भात सोडला, एक घास खाल्ला, आणि म्हणाली, “साखर कमी आहे.” तिबो गेल्यावर तिनं उरलेला भात पानात पुन्हा बांधला. मग म्हणाली, “सांतोय, माझं अंगण यंदा मुकं राहिलं तर वर गेल्यावर आईला काय सांगू? माझा हात पळून गेला आणि त्याच्यामागं गाव गेलं, असं सांगू?”

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पवित्र आठवड्याच्या पहिल्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिनं ठेवणीतला पांढरा सदरा घातला, कंपनीची छत्री उघडली आणि मला म्हणाली, “चल. हात परत आणू.”

त्याच दुपारी मनिलाहून कंपनीचे साहेब आलेले होते. नाव लाकुएस्ता, घामानं भिजलेले, हातात बॅग. आजूबाजूच्या सगळ्या गावांत सरकारी सिनेमे बिनहाताचे दाखवले जातात अशी तक्रार गेली होती, आणि ते हरवलेले हात शोधत शोधत लिगायापर्यंत पोचले होते. थिएटर गच्च भरलेलं. पडद्यावर हातामागून हात येत होते. तिबो यंत्राच्या खोलीच्या दारात उभा राहून साहेबांना पटवत होता की हात चोरलेले नाहीत, एकत्र ठेवलेले आहेत.

लोला मधल्या वाटेनं सरळ त्यांच्यापाशी गेली. “तुम्ही कंपनीचे? माझा हात द्या.”

लाकुएस्तांनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. माणूस सभ्य होता. “आजी, तो हात आता तुमचा नाही. ते बोधचिन्ह आहे. तो राष्ट्राचा हात आहे.”

“राष्ट्राची करंगळी उखळात सापडली होती का?”

“काय?”

“माझी सापडली होती. ही बघा.”

खुर्च्यांमधून कोणीतरी हसलं. लाकुएस्तांनी कपाळ पुसलं. “तुमचा हात तुमच्यापाशीच आहे, आजी, दिसतोय मला. तो कंपनीचा हात वेगळा. कंपनी निघाली तेव्हा तो तयार झाला.”

“कधी?”

“दोन वर्षं झाली.”

“म्हणजे तो दोन वर्षांचा आहे.”

“तसं म्हणा हवं तर.”

रांगेत पुढे मांग उर्बान होते, एक पाय चौथऱ्यावर. ते थांबले. त्यांनी पाय खाली घेतला. “साहेब, नीट सांगा,” ते म्हणाले. “हात लोलाचा आहे की दोन वर्षांचा आहे?”

“कंपनीचाच आहे.”

“म्हणजे मी या वयात दोन वर्षांच्या पोराचं मानो घेतोय?”

थिएटरात कुजबूज सुरू झाली. आमच्याकडे वयाचा हिशेब देवळातल्या पायऱ्यांसारखा असतो, कोण कुठल्या पायरीवर ते ठरलेलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या की हात लोलाचा असेल तर लोला मोठी, हरकत नाही. सेनांग म्हणाली, “मग लोला इथं उभी आहे आणि आपण भिंतीला कपाळ घासतोय, हे काय?” तिबो म्हणाला, हाताला वय नसतं. न्हावी म्हणाला, नखांना असतं.

“मी मिटवते,” लोला म्हणाली. छत्री तिनं माझ्या हातात दिली. “हात माझा असेल तर मी सांगेन तिथं येईल. दोन वर्षांचा असेल तर त्याला लहानासारखं वागायला पाहिजे. माझ्यासमोर येऊन त्यानं माझं मानो घ्यावं. तिबो, थांबवू नको, चालू दे.”

ती चौथऱ्यावर चढली, स्टूल पायानं बाजूला सारलं, आमच्याकडे पाठ केली आणि पडद्यासमोर आपला हात पुढे धरून उभी राहिली. हात यावा आणि वाकावा याची वाट बघत.

घंटा वाजल्या. हात आला. पण लोला बरोबर ठिगळासमोर उभी होती, म्हणून बोटांची टोकं आणि त्यांच्या खालचं सगळं पडद्यावर न पडता तिच्या पाठीवर पडलं. इस्त्री केलेला पांढराशुभ्र सदरा तो. तिबोच्या पडद्यानं इतकी स्वच्छ जागा कधी बघितली नव्हती. बोटं स्पष्ट दिसली, नखं दिसली, आणि बोटांतून काहीतरी बारीक सुटलं आणि तिच्या पाठीवरून खाली गेलं.

“काहीतरी पडलं,” सेनांग म्हणाली.

पुढचा हात आला. पुन्हा पडलं. त्याच्या पुढचा आला. फीत लांब होती, बघायला वेळच वेळ होता.

“तांदूळ आहे,” उर्बान म्हणाले. “लोला, तुम्ही काय करत होता तेव्हा?”

“कधी?” लोलानं मान वळवली नाही. तिची नजर पडद्यावर, हात तसाच पुढे.

“त्यांनी हात काढला तेव्हा.”

“कोंबड्यांना दाणे टाकत होते.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“कोणी विचारलं?”

पडद्यावर घंटा वाजत होत्या, लोलाच्या पाठीवर दाण्यामागून दाणा पडत होता. लोकांच्या मनात हिशेब चाललेला दिसत होता. मांग उर्बान तो तोंडानं करायला लागले. “म्हणजे हात दाणे टाकत होता. आणि इतके दिवस त्याच्यासमोर रांग लावून आपण…”

मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच कोंबडीसारखं कॉक-कॉक केलं.

मग जे हसणं फुटलं ते आवरेना. न्हावी खुर्चीवरून घसरला. सेनांगनं पदरासारखा ओढणीचा शेव तोंडात कोंबला. शाळेतल्या बाई डोळे पुसत होत्या. फक्त लाकुएस्ता हसत नव्हते. ते पुढे आले आणि डोळे भरून लोलाच्या पाठीकडे बघत राहिले.

“दिसला,” ते म्हणाले. “दाणा दिसला. या दाण्यातून देशाची कला उगवणार, अशी कल्पना होती आमची. मनिलातल्या मोठ्या थिएटरातसुद्धा दिसला नव्हता तो. मंत्रीसाहेब म्हणाले होते, हात कशासाठी आहे तेच कळत नाही.” त्यांनी लोलाला विनंती केली की तिनं प्रत्येक खेळाला असंच पाठ करून उभं राहावं, कंपनी तशी नेमणूक करेल.

“माझी पाठ मला पासयोनला लागते,” लोला म्हणाली. “टेकायला.”

हात काही वाकला नाही. फीत संपली, पडदा पांढरा झाला. लोलानं आपला हात खाली घेतला. “वळण नाही त्याला,” ती म्हणाली आणि खाली उतरली.

मला वाटलं, आता सगळे तिच्याभोवती गोळा होतील. पण लोक ओशाळले होते. हसून झाल्यावर एकमेकांकडे बघायची चोरी झाली. जो तो बाजूच्या दारानं निघून गेला. ती मधल्या वाटेनं गेली तेव्हा माणसं मागं सरली, हात मात्र कोणी धरला नाही. घरी पोचेपर्यंत ती छत्री घेऊन माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली.

पवित्र बुधवारी मी अंगण झाडलं, झावळ्या बांधल्या, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या, बाकं मांडली. लोलानं आल्याचं पाणी उकळायला ठेवलं, भलं मोठं पातेलं, दर वर्षीचं. मी म्हटलं, “लहान ठेवलं तर?” तिनं माझ्याकडे बघत पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

उन्हं कलली. बाकं रिकामी. तिबोनं थिएटरात पासयोन ठेवलंय की नाही ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. लोलानं पोथी उघडली, सुरुवातीची प्रार्थना घेतली, आणि जगाची उत्पत्ती सुरू केली. दोघांसाठी. देव उजेड करतो, पाणी वेगळं करतो, आणि ऐकायला मी आणि कोंबड्या. तिची चाल सुटली नाही. आदाम मातीतून उठला तेव्हा कुंपणाचं दार वाजलं.

मांग उर्बान होते. टोपी आधीच काढलेली. ते येऊन वाकले, लोलानं गाता गाताच हात दिला, त्यांनी कपाळ टेकवलं आणि बराच वेळ वर घेतलं नाही.

“देव तुझं भलं करो,” लोला त्याच चालीत गायली, कडव्याला धक्का न लावता, आणि पुढे सरकली.

उर्बान बसले आणि हव्वेच्या वाट्याचं कडवं त्यांनी उचललं. मग सेनांग आली, शेंगांची टोपली घेऊन. “लोला, हाताला लसणाचा वास येतोय,” ती म्हणाली, “बरं वाटलं.” मग बाई, मग न्हावी, मग गल्लीच्या टोकापर्यंत रांग. कोणी सफाई दिली नाही, कोणी मागितली नाही. ज्यानं मानो घेतलं तो बाकावर बसून सुरात सूर मिसळायचा. आख्यान नोहापर्यंत आलं तेव्हा बसायला जागा उरली नव्हती.

तिबो सगळ्यात शेवटी आला. हातात फितीचा डबा होता, पांढऱ्या रुमालावर ठेवलेला.

“बाकीचे हात साहेब घेऊन गेले,” तो म्हणाला. “एक मी मागून घेतला. तोही आलाय, लोला. लहान आहे, चुकला.”

अंगण थबकलं. गाणं मात्र थांबलं नाही, उर्बाननी एकट्यांनी ओढून धरलं. लोलानं डब्याकडे बघितलं. मग आपला हात पुढे केला. तिबो वाकला आणि त्यानं डब्याची कड तिच्या हाताला अलगद टेकवली.

“उशीर केलास,” लोला डब्याला म्हणाली. “देव तुझं भलं करो.” मग तिबोकडे बघून, “आणि तुझंही. आल्याचं पाणी घे. साखर पुरेशी आहे.”

तिनं डबा काढून आपल्या मांडीवर ठेवला, पोथीच्या खाली. पान उलटलं. पुढचं कडवं सुरू झालं तशी तिची वाकडी करंगळी त्या पत्र्याच्या झाकणावर हलकेच ठेका धरू लागली आणि मी गिटार त्या ठेक्याला लावून घेतलं.